दर शनिवारी दहा वाजता खाडीचं पाणी तपासताय, आणि आकडे एकाआड एक वरखाली होतायत?

प्रश्न वाचला. आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमच्या कॉलेजचा ग्रुप जानेवारीपासून दर शनिवारी सकाळी बरोबर दहाला चिपळूणच्या खाली वाशिष्ठीच्या काठावरच्या एका धक्क्यावर जातो, खारटपणा, ऑक्सिजन, पीएच आणि तापमान घेतो. नऊ शनिवार झाले. एका शनिवारी खारटपणा हजारी ११ येतो (हजार भाग पाण्यात ११ भाग मीठ), पुढच्या शनिवारी ३ किंवा ४, परत पुढच्या शनिवारी ११ च्या जवळ. ऑक्सिजनही तसाच वरखाली. सरांचं म्हणणं मीटर बिघडलाय. ग्रुपमधल्या एकाचं म्हणणं दर पंधरा दिवसांनी कुठली तरी कंपनी पाणी सोडते. आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांत फरक कमी होत चाललाय म्हणून काही जण म्हणतात नदी सुधारतेय. तुम्हाला विचारायचंय की खरं कोण, पुढे कसं करायचं, आणि हे आकडे घेऊन तक्रार करता येईल का.

मी बावीस वर्षं पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काढली आणि त्यातली निम्मी वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाड्यांवर शाळा-कॉलेजच्या मुलांना घेऊन फिरतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मला विचाराल तर तिघंही चुकतायत, आणि तुमचे आकडे मात्र बरोबर असावेत. तुमचा मूळ प्रश्न मीटरचा नाहीच, घड्याळाचा आहे. तुम्ही नदी घड्याळाने मोजताय आणि ही नदी चंद्रावर चालते.

हिशोब असा आहे. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. सात दिवसांत हा उशीर झाला ५ तास ५० मिनिटं. भरतीपासून ओहोटीपर्यंतचं अंतर साधारण सव्वासहा तास. म्हणजे या शनिवारी दहाला तुम्हाला भरतीचं पाणी मिळालं असेल तर पुढच्या शनिवारी दहाला जवळजवळ ओहोटीचं मिळणार, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी परत भरतीचं. एकदा समुद्राकडून वर आलेलं पाणी, एकदा डोंगराकडून खाली आलेलं. बाटली तीच, धक्का तोच, पाणी वेगळं. म्हणून ११, ३, ११, ४.

आता फरक कमी का झाला ते बघा. चौदा दिवसांत उशीर होतो ११ तास ४० मिनिटं, पण भरती ते भरती अंतर आहे १२ तास २५ मिनिटं. म्हणजे दहाच्या ठोक्याशी भरतीचा मेळ दर पंधरवड्याला पाऊण तास सरकतो. पहिल्या शनिवारापासून नवव्या शनिवारापर्यंत चार पंधरवडे, म्हणजे तीन तास. भरती-ओहोटीच्या बरोबर मधोमध आलात तुम्ही. एका शनिवारी पाणी चढताना मधे पकडताय, दुसऱ्या शनिवारी उतरताना मधे, म्हणून दोन्ही आकडे जवळ आलेत. नदी सुधारली नाही आणि बिघडलीही नाही. तुम्ही असंच चालू ठेवलंत तर एप्रिलअखेर हाच खेळ उलटा दिसेल, ज्या शनिवारी जास्त यायचा त्या शनिवारी कमी येईल, आणि तेव्हा कोणीतरी म्हणेल की कंपनीने आठवडा बदलला.

हे मी पुस्तकात वाचून नाही सांगत. सुरुवातीला भाट्याच्या खाडीवर आम्हीही दर रविवारी ठरलेल्या वेळी जायचो. एका रविवारी कालवं काढायला आलेल्या एक मावशी आमची धावपळ बघत बसल्या होत्या, त्यांनी विचारलं, आज तिथी काय? आम्हाला कोणालाच सांगता येईना. त्या म्हणाल्या, "आज अष्टमी, भांग हाय, पानी काय फारसा सुकायचा नाय, तुमी कशाला आलाव?" भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमी भरती-ओहोटी, आणि पौर्णिमा-अमावस्येची मोठी ते उधाण. त्यांना ज्या दगडावरची कालवं हवी होती तो दगड त्या दिवशी उघडाच पडणार नव्हता, म्हणून त्या नुसत्या चिंबोऱ्यांचं बघायला आल्या होत्या. आमच्याकडे मीटर होता, रजिस्टर होतं, कॅलिब्रेशनचा कागद होता, फक्त तिथी नव्हती. त्या दिवसापासून आमच्या वहीचा पहिला रकाना तिथीचा आहे.

कोकणातला जुना हिशोब तुमच्या आजोबांना माहीत असेल, तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला. छापील भरतीच्या तक्त्याशी ताडून बघितलंत तर थोडाफार फरक निघतो, पण अंदाजाला पक्का. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते जी मुलांच्या लक्षात येत नाही, की आपल्या किनाऱ्यावर उधाणाची मोठी भरती कायम दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास येते, आणि भांगाची सकाळ-संध्याकाळी. म्हणजे सकाळी दहा ही वेळ तुम्ही वर्षभर जरी पाळलीत तरी उधाणाला दहा वाजता मुखाशी पाणी चढताच दिसणार आणि भांगाला उतरताच. उधाणाची ओहोटी दहाला तुम्हाला कधी भेटणारच नाही. वर्षभराचे आकडे असूनही नदीची एक बाजू कोरीच राहील.

पण हा सगळा हिशोब दाभोळच्या मुखाचा, म्हणजे वाशिष्ठी समुद्राला मिळते तिथला. तुमचा धक्का आत आहे, मुखापासून चिपळूणपर्यंत खाडी चाळीसेक किलोमीटर आत शिरलेली आहे, तिथे भरती पोचायला वेळ लागतो. किती लागतो ते मी सांगणार नाही कारण ते तुमच्या धक्क्यावर, तिथीवर आणि वरून येणाऱ्या पाण्यावर अवलंबून आहे, आणि ते तुम्हीच शोधायचंय. कसं, ते सांगतो.

एक दिवस द्या. पूर्ण एक दिवस, तेरा तास. एक अख्खं चक्र १२ तास २५ मिनिटांचं असतं, म्हणून तेरा. पौर्णिमा किंवा अमावस्येच्या जवळचा सुट्टीचा दिवस निवडा, पहाटे सहाला सुरू, संध्याकाळी सातला बंद, चार-चार जणांच्या तीन पाळ्या. धक्क्याच्या खांबाला एक बांबू घट्ट बांधा, त्याच्यावर ऑइलपेंटने दर पाच सेंटीमीटरला खूण. दर अर्ध्या तासाला पाण्याची पातळी, दर तासाला खारटपणा, तापमान, ऑक्सिजन. वरच्या पाण्याचा आणि तळाच्या पाण्याचा, दोन्ही. बस्स. एवढा एक दिवस तुमच्या नऊ शनिवारांपेक्षा जास्त शिकवेल.

तळाचं पाणी काढायला महागडं सँपलर लागत नाही. जाड काचेची बाटली, तिला बाहेरून दगड किंवा शिशाचं वजन बांधायचं, बुचाला वेगळी दोरी. बाटली तळापाशी गेली की बुचाची दोरी हिसकायची, बुडबुडे यायचे थांबले की वर ओढायची. एवढंच की ही बाटली भरताना पाण्यात हवा मिसळते, म्हणून खारटपणासाठी ती चालते, ऑक्सिजनसाठी नाही. ऑक्सिजनला मीटरचं प्रोबच वजन बांधून खाली सोडा. तळाचं का घ्यायचं, तर खारं पाणी जड असतं, ते गोड्या पाण्याच्या खालून पाचरीसारखं आत सरकतं. वर हजारी ४ आणि खाली ९ असं एकाच वेळी एकाच जागी मिळू शकतं. ज्या दिवशी मुलं हे पहिल्यांदा स्वतः मोजतात त्या दिवशी त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. मागच्या एका बॅचमधल्या मुलीने तर दोन्ही पाणी बोटाने जिभेला लावून बघितलं आणि मग माझी बोलणी खाल्ली, कारण खाडीचं पाणी तोंडात घालायचं नाही हा आमचा पहिला नियम आहे.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी डोळ्यांनी बघा. पाण्यावर एखादं पान टाका आणि ते कुठे जातं ते दर वेळी लिहा, वर, खाली की जागच्या जागी. मुलांना वाटतं पातळी चढायला लागली की पाणी लगेच वर वाहायला लागतं. तसं होतंच असं नाही. आत आलेल्या खाडीत बांबूवर पाणी दोन-तीन खुणा चढलेलं असतं आणि पान अजून समुद्राकडेच चाललेलं असतं. मग एकदा ते थबकतं, गोल फिरतं आणि उलटं निघतं. होडीवाले म्हणतात पाणी फिरलं. ही पाणी फिरण्याची वेळ बांबूवरच्या सगळ्यात खालच्या पातळीच्या वेळेपेक्षा वेगळी असू शकते, दोन्ही लिहा.

आता वाशिष्ठीची खास गोष्ट, जी काजळी किंवा शास्त्री नदीला लागू होत नाही. वाशिष्ठीत कोयनेचं पाणी येतं. सह्याद्रीच्या पलीकडचं, कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी पोफळी आणि कोळकेवाडीच्या वीजघरांतून वीज करून इकडे सोडतात. कृष्णा पाणीवाटप लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी ठरवून दिलेलं आहे, आणि वर्ष धरतात १ जून ते ३१ मे. एप्रिल-मे मध्ये कोकणातल्या बाकी नद्या आटतात तेव्हा ही वाहती असते ती त्यामुळे. पण वीज जशी लागेल तसं पाणी येतं. मागणी वाढली की सोडलं, कमी झाली की कमी. म्हणजे तुमच्या धक्क्याला दोन भरत्या आहेत असं समजा, एक खालून समुद्राची आणि एक वरून वीजघराची, आणि दुसरीचा तक्ता कुठल्या पंचांगात मिळत नाही.

मग ओळखायचं कसं? बांबू आणि खारटपणा दोन्ही एकत्र बघून. पातळी चढतेय आणि खारटपणाही चढतोय तर समुद्र आला. पातळी चढतेय पण खारटपणा उतरतोय तर वरून पाणी आलं. भरतीच्या अगदी सुरुवातीला थोडा वेळ पातळी चढते आणि खारटपणा जागचा हलत नाही किंवा थोडा उतरतोही, तेव्हा घाई करू नका, पुढच्या दोन नोंदी होऊ द्या. या एका कारणासाठी मी म्हणतो की नुसता खारटपणा लिहून उपयोग नाही, पातळी हवीच. आणि नुसती दाभोळची भरतीची वेळ लिहूनही उपयोग नाही, कारण वरचं पाणी जास्त असेल त्या दिवशी तीच भरती तुमच्यापर्यंत कमी खारी होऊन पोचेल.

हे झालं की पुढचं सोपं आहे. शनिवार सोडा, तिथी धरा. महिन्यातून चार फेऱ्या पुरतात: उधाणाला एक भरतीची आणि एक ओहोटीची, भांगाला तशाच दोन. तुमच्या धक्क्यावर भरती पूर्ण झाल्यावर अर्ध्या तासात पाणी घ्यायचं, मग ती वेळ सकाळची असो की दुपारची. कॉलेजच्या वेळापत्रकात बसत नाही हे मला माहीत आहे, सर नाही म्हणतील, लेक्चर बुडतं म्हणतील. जमत नसेल तर निदान एवढं करा की पाण्याची वेळ, त्या दिवशीची भरतीची वेळ, तिथी आणि बांबूची पातळी हे चार रकाने कधीही रिकामे सोडू नका. वेळ चुकीची असली तरी चालते, न लिहिलेली चालत नाही.

ऑक्सिजनबद्दल वेगळं लिहितो कारण तिथे तीन गोष्टी एकदम चालू असतात. पहिली, खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. ३० अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरला साधारण साडेसात मिलिग्रॅम मावतो, समुद्राच्या पाण्यात सव्वासहाच्या आसपास. म्हणजे काही न बिघडता भरतीला आकडा उतरू शकतो. दुसरी, तुमच्या मीटरमध्ये खारटपणा भरायची सोय असेल, ती बहुतेक कोणी वापरत नाही. ती शून्यावर ठेवून खाऱ्या पाण्यात प्रोब बुडवला तर मीटर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. तुमच्या नऊ आठवड्यांत ती शून्यावर होती का ते आधी तपासा, शून्यावर असेल तरी घाबरू नका, खारटपणा लिहिलेला आहे तर नंतर दुरुस्ती करता येते. तिसरी, दिवस-रात्र. पाण्यातलं शेवाळ दिवसा ऑक्सिजन तयार करतं आणि रात्री सगळेच तो वापरतात, त्यामुळे पहाटे उजाडायच्या आधी आकडा सगळ्यात कमी आणि दुपारी सगळ्यात जास्त. सकाळी दहाला ठीकठाक ६ दाखवणारं पाणी पहाटे पाचला माशांना गुदमरवणारं असू शकतं. खाडीला खरंच काही त्रास आहे का हे बघायचं असेल तर पहाटेचा एक आकडा दहा वाजताच्या दहा आकड्यांना भारी.

मीटरवर पूर्ण भरवसा नको, महिन्यातून एकदा विंकलर पद्धतीने, म्हणजे रसायनं घालून ऑक्सिजन मोजायच्या पद्धतीने, ताडून बघा. कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये मँगेनस सल्फेट, अल्कलाइन आयोडाइड-अझाइड आणि थायोसल्फेट असतंच. ३०० मिलीची बीओडी बाटली (घट्ट बसणाऱ्या काचेच्या बुचाची) बुडबुडा न राहू देता भरायची, धक्क्यावरच दोन्ही रसायनं घालायची, तपकिरी साका बसला की बाटली अंधारात ठेवून लॅबमध्ये न्यायची आणि त्याच दिवशी टायट्रेशन. ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट आणि २०० मिली पाणी घेतलं तर जेवढे मिली लागले तेवढे मिलिग्रॅम ऑक्सिजन, गणित करायला नको. उरलेलं मात्र नदीत ओतू नका, अझाइड विषारी असतं, कॅनमध्ये भरून परत न्या.

खारटपणाला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्यात प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा दाखवणारं यंत्र, उत्तम, मत्स्यपालनवाले वापरतात तो चालतो, रोज निघायच्या आधी डिस्टिल्ड वॉटरने शून्य लावायचा. टीडीएसचं पेन घरच्या प्यायच्या पाण्यासाठी असतं, खाडीत त्याचा आकडा वर जाऊन अडकतो आणि मुलं तोच आकडा लिहून मोकळी होतात. तसंच अमोनियाचं नेस्लरचं किट खाऱ्या पाण्यात गढूळ होतं, रंग कळतच नाही, सॅलिसिलेटचं घ्या. सीओडी (पाण्यातली घाण रसायनाने जाळून मोजायची परीक्षा) करायच्या फंदात पडू नका, खाडीतलं क्लोराइड त्या परीक्षेत असा गोंधळ घालतं की स्वच्छ समुद्राचं पाणीही भयंकर प्रदूषित दिसेल. आणि ती हायड्रोजन सल्फाइड वायूने काळी पडणारी एच-टू-एसची बाटली, जी गावातल्या विहिरींना छान चालते, ती खाडीला लावू नका, खाडीच्या चिखलातले जिवाणू तसेही तो वायू बनवतात. काळा चिखल आणि सडक्या अंड्याचा वास ही खारफुटीची नेहमीची गोष्ट आहे. दर वर्षी एक तरी मुलगा त्या वासावरून प्रदूषणाचं पोस्टर बनवतो आणि मला त्याला थांबवावं लागतं.

आता कंपनीचा मुद्दा. लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत तिथे आहे, त्यामुळे पाण्यात काहीही दिसलं की बोट तिकडे जातं. काही असू शकतं, नसूही शकतं, पण खारटपणा वरखाली होतोय यावरून ते मुळीच ठरत नाही. ठरवायची एक चांगली पद्धत सांगतो, साधा आलेख आहे. एकाच दिवशी निदान पाच-सहा जागांचं पाणी घ्या, एक भरती पोचत नाही अशा वरच्या जागेचं, एक दाभोळ मुखाचं, बाकी मधल्या. दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून मधल्या पाण्याची बादली काढता येते, बोटीवाल्यांना आधी विचारून. मग आडव्या अक्षावर तारीख नाही, अंतर नाही, खारटपणा घ्या. उभ्या अक्षावर नायट्रेट किंवा फॉस्फेट किंवा जे मोजलं असेल ते. नदीचं पाणी आणि समुद्राचं पाणी नुसतं मिसळत असेल तर सगळे ठिपके साधारण एका सरळ रेषेत पडतात. मधेच काही ठिपके रेषेच्या वर उचललेले दिसले तर त्या पट्ट्यात बाहेरून काहीतरी येतंय, रेषेच्या खाली पडले तर तिथे ते वापरलं जातंय किंवा गाळात बसतंय. बाहेरून येणारं काहीतरी म्हणजे कारखानाच असं नाही, गावाचं सांडपाणी असेल, कोळंबीचा तलाव असेल. पण कुठे शोधायचं ते कळतं.

यासाठी जितक्या जास्त जागा एकाच दिवशी तितकं चांगलं. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर हेच करतात, तीही भरतीची नदी आहे, समुद्रापासून ट्रॉय गावच्या बंधाऱ्यापर्यंत पाणी चढतं-उतरतं, आणि २००३ पासून वर्षातला एक दिवस ठरवून नदीभर शाळांची मुलं आपापल्या गावाच्या काठावर खारटपणा, ऑक्सिजन, मासे सगळं मोजतात. चिपळूण, खेड, गुहागर, दापोली या चार तालुक्यांतली दहा कॉलेजं आणि हायस्कूलं एका पौर्णिमेला उतरली तर वाशिष्ठी आणि तिला मिळणाऱ्या जगबुडीचं असं चित्र मिळेल जे एका लॅबला एकटीने कधी काढता येणार नाही.

तक्रारीचं म्हणाल तर घाई करू नका. आमची एक फाईल एका कार्यालयातून दोन मिनिटांत परत आली होती, तीन महिन्यांची मेहनत, मुलांनी रंगीत आलेख काढलेले. समोरच्या माणसाने एकच विचारलं, हे भरतीचं की ओहोटीचं? आमच्याकडे उत्तर नव्हतं. पोरांचे उतरलेले चेहरे मला अजून आठवतात. दुसरं, तुम्ही ज्या मर्यादा लावताय त्या बहुतेक नदीच्या आहेत. खाडी आणि किनाऱ्याच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे वेगळे वर्ग आहेत, एसडब्ल्यू नावाचे. जिथे लोक शिंपल्या-कालवं काढतात तिथे पहिला वर्ग, ऑक्सिजन निदान ५ मिलिग्रॅम किंवा त्या पाण्यात मावेल त्याच्या ६० टक्के, आंघोळ आणि मासेमारीच्या पाण्याला दुसरा वर्ग, ४ मिलिग्रॅम किंवा ५० टक्के, जे जास्त असेल ते. म्हणून टक्केवारीही लिहीत जा. आणि तिसरं, कोर्टात चालणारा नमुना १९७४ च्या पाणी कायद्याप्रमाणे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्याच माणसांनी विशिष्ट पद्धतीने घ्यावा लागतो. तुमचे आकडे पुरावा म्हणून नाही, पण या तिथीला, या पाण्यावर, या पट्ट्यात येऊन बघा असं सांगायला फार कामाचे आहेत. माझ्या अनुभवात असं नेमकं सांगितलं की लोक येतात.

तुम्ही जिवांबद्दल काही विचारलं नाहीत, पण पाण्यापेक्षा खरं ते जास्त सांगतात. मीटर त्या क्षणाचं सांगतो, चिखलातला मुळा नावाचा शिंपला गेल्या काही महिन्यांचं सांगतो. ओहोटीला काठावर अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची चौकट टाकायची, पीव्हीसी पाइपची बनवा, आत खेकड्यांची बिळं किती, शंख-शिंपले किती, निवट्या (चिखलावर उड्या मारणारे मासे) दिसल्या का, कांदळाची म्हणजे खारफुटीची नवी रोपं किती, फोटो काढायचा. जागा ठरलेली, वरच्या तिवरांच्या रांगेपासून पाण्याकडे दर पाच मीटरला एक. महिन्यातून एकदा पुरे, उधाणाच्या ओहोटीला. आणि एका तरी मासेमारी करणाऱ्या घराशी ओळख काढा. आमच्याकडे एका काकांची वही आहे, तिथी, जाळं कुठलं, काय मिळालं, बोय, काळुंद्र, जिताडा, शिंगाळा, किती टोपल्या. आठ वर्षांची. कुठल्या वर्षी कुठला मासा वर कुठपर्यंत आला ते त्या वहीत दिसतं, आमच्या मीटरच्या आकड्यात नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे वाचून विसरू नका. वाशिष्ठीत मगरी आहेत. थंडीच्या सकाळी त्या काठच्या चिखलावर ऊन खात पडलेल्या असतात आणि चिखलाच्याच रंगाच्या दिसतात. ओहोटीला चिखलात उतरायच्या आधी स्थानिक माणसाला विचारायचं, दुर्बिणीने दोन्ही काठ बघायचे, एकाने वर उभं राहून फक्त पाण्याकडे बघत राहायचं, त्याला दुसरं काम द्यायचं नाही. ज्या जागेला गावकरी नको म्हणतात तिथे चौकट टाकायची नाही, आकडा नाही मिळाला तरी चालेल. चिखल मांडीपर्यंत जातो, एकट्याने कधीच नाही. आणि जून ते सप्टेंबर नेहमीच्या फेऱ्यांना काठावर जायचं नाही. २२ जुलै २०२१ चं पाणी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आपल्या घरात बघितलं असेल, वेगळं सांगायला नको.

पावसाआधी एक काम मात्र करून ठेवा. पहिल्या मोठ्या पावसानंतर कधी कधी मासे मेलेले दिसतात आणि मग धावाधाव होते, तोवर दोन भरत्या होऊन पाणी बदललेलं असतं. एक पिशवी भरून तयार ठेवा, चार बीओडी बाटल्या, विंकलरची दोन रसायनं, रिफ्रॅक्टोमीटर, थर्मामीटर, पेन्सिल. निरोप आला की पहिल्या तासात वरचं आणि तळाचं पाणी, मेलेल्या माशांचे फोटो पट्टीसकट, कुठली जात, लहान की मोठे, पाणी चढतंय की उतरतंय, मासे वाहत कुठून आले. मेलेल्या माशांना हात लावायचा नाही.

तर आधी असं करा, जुनी वही काढा, नऊ शनिवारांसमोर नऊ तिथ्या लिहा, पाऊणपटीने भरतीची वेळ काढा, आणि ११ आलेले शनिवार एका रंगाने, ३-४ आलेले दुसऱ्या रंगाने भरा. मग जवळच्या पौर्णिमेला तेरा तास बसा. तो तक्ता इथे टाका, बांबूची पातळी सेंटीमीटरमध्ये आणि रिफ्रॅक्टोमीटरचा शून्य लावल्याची वेळ लिहून, म्हणजे तुमच्या धक्क्याला दाभोळपासून भरती पोचायला किती वेळ लागतो ते आपण त्यावरून काढू.